टिळेकर बाईंचे शनिवार

रियाधला मलझ भागात आमची इमारत आहे. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक टिळेकरांचं. बाईंचं नाव शुभदा, पण त्यांना नावानं हाक मारणारं माणूस त्यांच्या यजमानांखेरीज इथे कुणी नव्हतं. केरळचे, हैदराबादचे, उत्तरेकडचे, सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. हिंदीत या शब्दाचा अर्थ जरा वेगळा होतो हे कुणीतरी त्यांना सांगून पाहिलं, तर त्या म्हणाल्या होत्या की मॅडम म्हणवून घ्यायला मला काही ऑफिस नाही.

नाशिकला वीस-बावीस वर्षं पाचवीला शिकवून त्या इकडे आल्या. इथल्या एका भारतीय शाळेत पुन्हा पाचवीच घेतली आणि घसा साथ देईना तेव्हा नोकरी सोडली. माझी त्यांच्याशी ओळख झाली ती त्यानंतर. म्हणजे वर्गात उभ्या असलेल्या बाई मी कधी पाहिल्याच नाहीत. मी पाहिल्या त्या जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या, समोर दोन घाबरलेले आईबाप आणि मध्ये एक कागद.

हा कागद काय ते आधी सांगायला हवं. पाचवी संपता संपता एक चाचणी होते. देशभरातल्या पाचवीच्या मुलांची एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर, आणि आखातातल्या आपल्या शाळांची मुलंही तिच्यात बसतात. तिच्यात पास नसतं, नापास नसतं. मुलं कुठे अडतात ते शाळांना कळावं म्हणून ती काढलेली. निकालाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात एक मोठा आकडा, त्याखाली स्तर, आणि मग एकेका प्रश्नाचा क्रमांक आणि त्यापुढे खूण, की उत्तर बरोबर आलं, चुकलं, की प्रश्न सोडूनच दिला. एवढंच. पण इकडे पाचवी हा घराघरातला मोठा टप्पा असतो. बायकोमुलांना इथेच ठेवायचं की गावी पाठवायचं हे बहुतेकांचं पाचवीनंतर ठरतं, आणि ते ठरवायला काहीतरी आधार लागतो. तो आधार हा कागद झाला होता. शाळेनं हातात ठेवलेला, इंग्रजी, चकचकीत, आणि कुणालाही धड न समजणारा.

बाई तो समजावून सांगत. मार्च-एप्रिलचे शनिवार, असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, बांग झाली की त्यांचं दार उघडं. आधी फोन करायचा, वेळ घ्यायची, आईबाप दोघांनी यायचं. एकटा बाप आला तर त्याला चहा देऊन परत पाठवत. एकटी आई आली तर बसवून घेत, पण बोलत दुसरंच काहीतरी.

त्यांची पद्धत ठरलेली होती. कागद हातात आला की त्या पहिल्यांदा स्टीलची छोटी ताटली उचलत आणि त्या वरच्या आकड्यावर पालथी घालत. मग चष्मा लावत, हातात पेन्सिल घेत (पेन कधीच नाही) आणि आईबापांना विचारत, तुमचं मूल घरी आपणहून काय करतं, तीन गोष्टी सांगा. बाप लोक इथे हटकून अडत. एक जण म्हणाला, मोबाइल बघतो. बाई म्हणाल्या, एक झाली, आणखी दोन. त्या दोन येईपर्यंत पुढे सरकायचं नाही. मग खालून वर वाचत यायचं, एकेक प्रश्न, इथे का चुकलं असेल, इथे का सोडलं असेल. आकडा सगळ्यात शेवटी. तोवर त्या आकड्यातला दम बराचसा गेलेला असे.

आणि त्यांचा एक नियम होता. कागद वाचताना मूल त्या खोलीत असता कामा नये. खोलीत नाही म्हणजे घरातच नाही. ते मूल माझ्याकडे यायचं. माझा मुलगा पुण्याला शिकायला गेलेला, घर रिकामं, त्यामुळे शनिवारी मी मुलांची सोय झाले होते. कॅरम, रंगीत पेन्सिली, चिवडा, लाडू. बाईंच्या या सगळ्या उद्योगात माझं काम एवढंच होतं आणि ते मला आवडायचं, कारण त्यात डोकं लागत नसे.

या नियमामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच, मेथी निवडता निवडता सांगितली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी एका मुलाचा शिष्यवृत्तीचा निकाल त्याच्यासमोरच त्याच्या वडिलांना समजावला होता. रागावल्या नव्हत्या, उलट गोड शब्दांत सांगितलं होतं की याला गणित जरा जड जातं. बारा-पंधरा वर्षांनी तो एका दुकानात भेटला. कडेवर पोरगी. त्यानं वाकून नमस्कार केला, त्याचा हिशेब चुकला म्हणून दुकानदार हसला, तर हा कौतुकानं म्हणाला, आमच्या बाईंनी तेव्हाच ओळखलं होतं, मला गणित नाही येत. बाई म्हणाल्या, "अनघा, त्याच्या मनात राग असता तर मी झोपले असते गं. त्याला पटलं होतं." त्या दिवशी मेथी निवडून झाली तरी काड्या तशाच हातात घेऊन त्या बसून होत्या.

बाई काही फार गोड स्वभावाच्या नव्हत्या. शाळेच्या पालकांचे व्हॉट्सॲपचे ग्रुप म्हणजे त्यांच्या मते मुलांच्या जिवावर उठलेली टोळी. कुणी दुसऱ्याच्या मुलाचा आकडा सांगू लागलं की त्या सरळ हात वर करून "खलास" म्हणत आणि विषय संपत असे. हिंदी त्यांचं नाशिकचं. "घबराने का नहीं, पर उछलने का भी नहीं," हे वाक्य मी समोरच्या उघड्या दारातून किती वेळा ऐकलं असेल. यजमान, टिळेकर साहेब, पाण्याच्या प्रकल्पावर इंजिनिअर, अबोल माणूस. शनिवारी ते आतल्या खोलीत कानाला रेडिओ लावून पडून राहत.

एका शनिवारी ठाण्याचं एक जोडपं आलं. तो इथल्या एका बँकेत संगणकाच्या कामाला. मुलाच्या कागदावर आकडा एकाहत्तर. ऑफिसातल्या कुणाच्या मुलीला चौऱ्याऐंशी. त्याला वाटलं, शंभरपैकी एकाहत्तर गुण. बाईंच्या घरी हुफूफचा खजूर कायम असे, टिळेकर साहेब कामानिमित्त तिकडे जात आणि डबेच्या डबे आणत. बाईंनी दहा खजूर टेबलावर ओळीनं मांडले. म्हणाल्या, एकेक खजूर म्हणजे दहा-दहा मुलं, देशभरातली. आता सात खजूर तुमच्या मुलाच्या मागे सरकवा. त्यानं सरकवले. पुढे किती राहिले? तीन राहिले. हा गुणांचा आकडा नाही, रांगेतली जागा आहे, बाई म्हणाल्या, आणि मग विचारलं, तुम्ही बँकेत नेमकं काय करता? तो हळूच म्हणाला, हेच. म्हणजे असलेच आकडे काढतो. तेव्हा त्याच्या बायकोनं सांगून टाकलं, येताना गाडीत त्यानं मुलाच्या थोबाडीत मारली होती.

बाईंनी एक खजूर उचलून त्याच्या हातावर ठेवला आणि समोरच्या दाराकडे बोट केलं. तो माझ्याकडे आला तेव्हा मुलगा कॅरमवर वाकलेला होता. बाप त्याच्याजवळ उकिडवा बसला, खजूर पुढे केला, सॉरी बेटा म्हणाला. मुलानं न बघता म्हटलं, "इट्स ओके, पापा," आणि सोंगटी मारली. खजूर बराच वेळ बापाच्याच हातात होता. मला तेव्हा हसू आलं होतं. बाईंना मी नंतर नक्कल करून दाखवली तर त्या हसल्या नाहीत, मुलानं खजूर खाल्ला का एवढंच त्यांनी विचारलं.

असे किती शनिवार झाले असतील, मी मोजलेले नाहीत. काही आईबाप रडून गेले, काही भांडून गेले. एक केरळी नर्स तर बाईंच्या पायाच पडली. मला अभिमान वाटायचा, आपल्या समोरच्या दारात हे चालतं याचा. म्हणून पुढचं लिहायला मला इतका वेळ लागला.

माने कुटुंब रियाधपासून तासाभरावरच्या अल खर्जहून आलं होतं. संतोष माने तिथल्या एका दूध डेअरीत यंत्रांवर होता, मूळचा सांगलीकडचा. बायको रेश्मा. मुलगी स्वरा, दोन वेण्या, अंगानं किरकोळ, आवाज मोठा. बाईंच्या दारात शिरण्याआधी रेश्मा मुलीला माझ्याकडे सोडायला आली आणि उंबऱ्यातच दोन वाक्यांत सगळं सांगून मोकळी झाली. संतोषनं भावाला सांगून सांगलीच्या शाळेचा फॉर्म भरून ठेवला होता. कागद वाईट आला होता. बाईंनीही तेच म्हटलं तर जूनमध्ये ती आणि मुलगी सांगलीला आणि तो एकटा इथे. "वहिनी, मला तिकडं जायचं नाही," ती म्हणाली. "आम्ही तिघं एकत्र आहोत एवढंच आहे बघा आमचं." मग पदरानं तोंड पुसून ती समोर गेली.

स्वराला मी टेबलाशी बसवलं. ताटलीत एका बाजूला चिवडा, एका बाजूला लाडू. चित्राचा कागद दिला, त्यावर छापलेलं घर, झाड, उंट. ती बडबडत होती, मैत्रिणींचं, शाळेच्या बसचं, अर्धं हिंदीत अर्धं इंग्रजीत. चिवडा संपला. मी विचारलं, लाडू नको का गं? ती म्हणाली, "विच लाडू, आंटी?" लाडू तिच्या डाव्या हाताशी होता. मी ताटली फिरवली, तशी ती हसली आणि लाडू खाल्ला. मला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिनं चित्र दाखवलं. उजवीकडचा उंट छान रंगवलेला, झाड अर्ध्यापर्यंत, आणि डावीकडचं घर कोरं. मी म्हटलं, अगं, राहिलंय की. तिनं कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "डन है आंटी, सब डन."

मला तेव्हा जे वाटलं ते मी इथे लिहून ठेवते. मला वाटलं, पोरगी आळशी आहे, मग निकाल असाच यायचा.

समोर काय झालं ते मला त्याच संध्याकाळी बाईंनी सांगितलं. माने मंडळी खर्जच्या रस्त्याला लागली आणि बाई माझ्याकडे आल्या, आपण होऊन, हे क्वचितच घडत असे. चेहरा उजळलेला. कागदावर निम्मे प्रश्न सोडलेले होते. एक ते पाच सोडले. सहा ते दहा सोडवले, जवळजवळ सगळे बरोबर. अकरा ते पंधरा सोडले. सोळा ते वीस बरोबर. पुढेही तसंच. बापाचं म्हणणं, पोरीचं लक्ष नाही, तिच्यात दम नाही. बाईंकडे त्या प्रश्नपत्रिकेचा एक नमुना होता. तो त्यांनी शेजारी उघडून ठेवला. प्रत्येक पानावर दोन रकाने, डावीकडे पाच प्रश्न, उजवीकडे पाच. मुलीनं प्रत्येक पानाचा उजवा रकाना केला होता आणि डावा तसाच सोडला होता.

बाईंनी रेश्माला विचारलं, अरबी कधीपासून शिकते? रेश्मा म्हणाली, तीन वर्षं झाली, त्यात पहिली येते, शेजारच्या सुदानी मुलींच्या वह्यासुद्धा लिहून देते. झालं. बाईंना उत्तर सापडलं. अरबी उजवीकडून लिहितात. शाळेत असताना त्यांनी कितीतरी मुलं पाहिली होती, अरबीचा तास संपला की गणिताची वहीसुद्धा मागून उघडणारी. ही मुलगी पान उजवीकडून सुरू करते आणि रकाना संपला की पान संपलं असं समजून उलटते. जे केलं ते बरोबर आहे, म्हणजे मुलगी हुशार आहे. फक्त हाताला वळण लागलंय. बाईंनी उपायही सांगितला. वहीच्या, पुस्तकाच्या, प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला लाल पेन्सिलीनं रेघ मारायची आणि स्वराला सांगायचं, ती रेघ सापडल्याशिवाय वाचायला सुरुवात करायची नाही.

संतोष हसला म्हणे. पहिल्यांदाच. त्यानं तिथूनच भावाला फोन लावला आणि सांगलीचा फॉर्म राहू दे म्हणून सांगितलं. रेश्मानं बाईंचे दोन्ही हात धरून ठेवले होते.

"अनघा," बाई मला म्हणाल्या, "कागद नीट वाचता यायला लागला ना, की मूल समोर लागतच नाही."

माझ्या टेबलावर ते चित्र तसंच पडलेलं होतं. मी मान डोलावली. बाई गेल्यावर मी ताटली उचलली, सांडलेला चिवडा त्या चित्रावरच गोळा केला आणि सगळं कचऱ्यात टाकलं.

लाल रेघेचा उपयोग झाला, हेच सगळ्यात वाईट. मे महिन्यात रेश्माचा फोन आला की स्वराला आता पानं पूर्ण करता येतात, चाचणीत गुण वाढले. जूनमध्ये पुन्हा आला. बाई मला तो आवाज फोन लांब धरून ऐकवत. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली, सगळे आपापल्या गावी गेले, आले. सप्टेंबरमध्ये ती मुलगी शाळेच्या बसच्या पायरीवरून पडली. मग सकाळी उठली की डोकं दुखायचं, उलटी व्हायची. खर्जच्या दवाखान्यात पित्त म्हणून औषध दिलं. ऑक्टोबरमध्ये ती घरात चालताना दाराच्या चौकटीवर आदळली तेव्हा तिला रियाधला आणलं आणि डोक्याचा स्कॅन केला.

मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती. तिच्यामुळे मुलीला डावीकडचं जग असून नसल्यासारखं झालं होतं. डोळ्यांना दिसत असेल नसेल, पण डावीकडे काही आहे हेच तिच्या ध्यानात येत नव्हतं, आणि येत नाही हेही तिला कळत नव्हतं. शस्त्रक्रिया झाली, गाठ काढली, मुलगी वाचली. पण गाठीमुळे डोक्यात दाब इतके महिने वाढत राहिला होता की दोन्ही डोळ्यांच्या नसा सुकून गेल्या. दृष्टी गेली ती गेलीच. पाच-सहा महिने आधी आणली असती तर गोष्ट वेगळी असती, असं डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी रेश्माला सांगायला नको होतं असं मला अजून वाटतं, पण डॉक्टरांचं तरी काय चुकलं?

रेश्माचा फोन आला तेव्हा मी बाईंच्या घरीच होते. आम्ही मटार सोलत होतो, बाईंचे हात गुंतलेले, म्हणून त्यांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. रेश्मा रडत नव्हती. आवाज शांत होता. तिनं सगळं क्रमानं सांगितलं, दवाखान्याचं, शस्त्रक्रियेचं, डोळ्यांचं. संतोष नोकरी सोडतोय, फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जायचा परवाना, घेऊन तिघंही सांगलीला जाताहेत.

"बाई, एक विचारू का? तुम्ही तो कागद बघितला होता. त्यात दिसत होतं का हो हे?"

नाही म्हणता आलं असतं. कागदात गाठ दिसत नसते, आणि कुणाही शहाण्या माणसानं नाहीच म्हटलं असतं. मी समोरून बाईंना हातानं खुणावत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो, रेश्मा," त्या म्हणाल्या. "दिसत होतं. मी बघितलं आणि चुकीचं वाचलं."

मग रेश्मा "बरं" म्हणाली आणि फोन बंद झाला. बाईंनी उरलेले मटार सोलले. नंतर मला म्हणाल्या, तू आता घरी जा.

त्यानंतर बाई पार बदलल्या. पुढच्या मार्चमध्ये लोक आले, फोन आले. पहिले दोन शनिवार त्यांनी दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या शनिवारी बसल्या, पण नियम उलटा झालेला. आता मूल आधी आत. कागदाला हातही न लावता त्या मुलाला समोर उभं करत आणि बघत राहत. चालून दाखव, पायरी चढून दाखव, हे वाक्य या टोकापासून त्या टोकापर्यंत वाच, जेवताना काय सांडतोस. मुलं रडकुंडीला येत. आईबाप खुर्च्यांवर अवघडून बसत. एकापाठोपाठ तीन मुलांना त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि तिन्ही ठणठणीत निघाली. एका बापाला स्कॅन करून घ्या म्हणाल्या तर तो माझ्याच दारात येऊन विचारू लागला की बाईंची तब्येत बरी आहे ना. हळूहळू लोक यायचे थांबले. दुसरं कुणीतरी व्हॉट्सॲपवर कागद समजावून द्यायला लागलं होतं, घरबसल्या, पाच मिनिटांत.

मुलं माझ्याकडे यायची बंद झाली. शनिवारी मी दुपारची झोपायला लागले. झोप यायची नाही, ती गोष्ट वेगळी. ताटली फिरवल्यावर हसलेली ती पोर डोळ्यांपुढे यायची. बाईंकडे कागद होता आणि माझ्याकडे मुलगी होती. मधे फक्त दोन दारं आणि जिन्यापुढची आठ पावलांची जागा. त्या संध्याकाळी बाई माझ्या टेबलाशी उभ्या होत्या तेव्हा मी एवढंच म्हटलं असतं की बघा ना, हिनं चित्रसुद्धा अर्धंच रंगवलंय, तर? कदाचित बाई म्हणाल्या असत्या, अरबीची सवय. कदाचित नसत्या म्हणाल्या. अरबीच्या सवयीनं कुणी चित्र अर्धं कोरं सोडत नाही आणि लाडू तर नाहीच नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं असतं.

हे मी त्यांना सांगणार होते. फोन आला त्या दिवशी सांगणार होते, मग दिवाळीनंतर, मग त्यांचं जरा शांत झाल्यावर. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगून त्यांना आणखी कशाला त्रास. खरं तर त्रास त्यांचा नव्हता, माझा होता. त्या एकट्याच ते ओझं उचलून चालल्या होत्या तोवर माझे हात मोकळे होते.

टिळेकर साहेबांची मुदत संपली आणि दोघांनी कायमचं नाशिकला जायचं ठरवलं. सामान साहेबांबरोबर कंपनीच्या गाडीतून पुढे गेलं. बाईंना विमानतळावर मी घेऊन गेले. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, वर पुलावरून मेट्रो आमच्या बरोबरीनं चाललेली. बाई खिडकीतून बघत होत्या. विमानतळाची पाटी दिसली तेव्हा त्यांनी विचारलं.

"अनघा, ती स्वरा तुझ्याकडे बसली होती ना तेव्हा. तासभर तरी. तुला काही वेगळं वाटलं होतं का गं तिच्यात?"

त्यांनी समोर बघतच विचारलं, सहज, जसं रेश्मानं त्यांना विचारलं होतं. मला वाटतं, त्यांनी हे विचारायला दीड वर्ष लावलं होतं. माझ्या हातात स्टिअरिंग होतं. बोलायला पुरेसा रस्ता अजून शिल्लक होता.

"नाही, बाई," मी म्हटलं. "चारचौघींसारखीच होती."

बाईंनी एक मोठा श्वास सोडला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "निदान तुझ्या जिवाला हा घोर नको."

टर्मिनलपाशी साहेब ट्रॉली घेऊन उभे होते. बाई उतरल्या, पर्समधून पासपोर्ट काढून पाहिला, पुन्हा आत ठेवला. मी उतरून नमस्कार करणार होते, पण गाडी थांबवायची जागा नव्हती. काचेचं दार उघडलं, त्या आत गेल्या, आतून वळून त्यांनी माझ्यासाठी हात हलवला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि मी निघाले.